कुंपणताई आणि टकला राक्षस

तर त्या राक्षसाचे केस. काल चहा आला आणि आपण तिथंच अडकलो.

राक्षस होता कार्टून चित्रपटातला. स्वभावानं अगदी गरीब गाय, मांजर दिसलं की खुर्चीवर चढणारा. पण अंगभर केस, आणि वारा आला की त्यातला एकेक केस वेगळा हलला पाहिजे, असा त्याला घडवणाऱ्याचा हट्ट. आता केस हलवायचा म्हणजे गणित आलं. हा केस कुठं वाकला, शेजारच्यावर त्याची सावली कुठं पडली, शेजारचा मग किती सरकला! एवढं गणित घरच्या संगणकावर करायला बसलं, तर राक्षसाच्या दाढीचं निघेपर्यंत घडवणाऱ्याचीच दाढी पांढरी व्हायची. म्हणून हा गडी आपलं काम घेऊन कुंपणताईच्या दारात आला. त्याला सगळे राक्षसवालाच म्हणत, आणि तोही फोन उचलून खुशाल सांगे, "हां, राक्षसवाला बोलतोय."

आणि पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली.

कुंपणताईची कामाची जागा म्हणजे एक लांबलचक, थंडगार खोली. लोखंडी कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटात एकावर एक रचलेले संगणक, आणि सगळ्यांचे पंखे एकदम घोंगावतायत. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ताई आत स्वेटर घालून, कानटोपी ओढून बसलेली. ते सगळे संगणक एकमेकांना जोडून एकाच मोठ्या संगणकासारखे राबवायचे, त्याला म्हणतात क्लस्टर. खरं म्हणजे ते एकत्र कुटुंबच. मिळवते पुष्कळ, आणि खाणारी तोंडं त्याहून पुष्कळ. हवामानवाल्यांची आकडेमोड तिथं, बियाणांच्या प्रयोगशाळेची तिथं, शहरातल्या बसगाड्यांच्या वेळापत्रकाचीही तिथंच.

प्रत्येकाचं काम आपापल्या कंटेनरमध्ये. हा कंटेनर म्हणजे बंदरावरची लोखंडी पेटी नव्हे बरं का. एकेका कामाला त्याच्या सामानसुमानासकट एक खोली द्यायची, दार ओढून घ्यायचं आणि सांगायचं, बाबा रे, तुझा पसारा इथं मांड, दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नकोस. एकेका संगणकात अशा कितीतरी खोल्या. भिंती सगळ्यांना आहेत, पण पाण्याची टाकी मात्र सगळ्यांत मिळून एक. एकानं नळ सोडून ठेवला की शेजारच्याच्या बादलीत ठणठणाट. म्हणून कुणाला किती मेमरी, प्रोसेसरचा किती वेळ, हक्काचं कमीत कमी किती आणि हावरटपणा केला तरी जास्तीत जास्त किती, हे ठरवून प्रत्येकाभोवती कुंपण घालायचं. हे ताईचं काम, आणि म्हणून तिचं नाव कुंपणताई.

राक्षसवाल्याला तिनं रीतसर एक खोली दिली होती. पण घाईघाईत एका बाजूचं कुंपण राहून गेलं, आणि त्याच्या प्रोग्रामनं आत शिरल्याबरोबर खिडकीतून डोकावून बघितलं, तर काय? अख्खी इमारत! त्याला वाटलं, सगळी आपलीच. मग त्यानं इमारतभर माणसांचा स्वयंपाक मांडला. सगळ्यांच्या शेगड्या याच्या पातेल्यांखाली, आणि शेजारीपाजारी उपाशी. ताईनं उरलेलं कुंपण घातलं, तर आता शेगडी एक आणि पातेली साठ. एकही धड शिजेना.

"ताई, तुमचं यंत्र मंद आहे," राक्षसवाला तक्रार घेऊन हजर.

"यंत्र मंद नाही. तुमचा राक्षस खिडकीतून बघून भूक ठरवतो. त्याला सांगा, आपल्या ताटात बघ."

"त्याला जेवढं दिसतं तेवढं तो मागतो. त्याचा काय दोष?"

"म्हणजे मालकावर गेलाय."

तिनं त्याला त्याचं ताट दाखवून दिलं, इतकेच हात तुझे आहेत म्हणून प्रोग्रामात लिहून घेतलं, आणि काम सुरळीत झालं. झालं खरं. पण ताईच्या मनातनं राक्षस उतरला तो उतरलाच. आणि ताईच्या मनात एकदा कुणाविषयी बसलं की ते खिळा मारल्यासारखं बसायचं.

खिळ्यावरून आठवलं. ताईचे वडील सुतार. घर दोन खोल्यांचं, पोरं चार, त्यात ताई थोरली. पोरांसाठी वडिलांनी चार खणांचं कपाट केलं होतं, प्रत्येक खणाला वेगळी कडी. तरी धाकटीच्या रिबिनी थोरलीच्या खणात निघायच्या आणि थोरलीच्या पेन्सिली धाकटीच्या. एकदा थोरलीनं चिडून जमिनीवर खडूनं रेघ ओढली आणि धाकटीला म्हणाली, "ही तुझी हद्द. पाय टाकलास तर बघ." धाकटीनं तिच्या डोळ्यांदेखत ओल्या फडक्यानं रेघ पुसली. मग जे रणकंदन झालं ते ऐकून वडील हातात रंधा घेऊन आले. कुणाला ओरडले नाहीत, मारलं नाही. शांतपणे एक पट्टी तासली, त्या रेघेवर ठोकली आणि म्हणाले, "भांडण मिटवायचं तर माणसं तासून उपयोग नाही. फळी मारावी." थोरलीनं ते वाक्य जन्मभर जपलं. पुढं शिकली, नोकरीला लागली, पण काम तेच, फळी मारायचं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये तिनं रंगीत चिकटपट्टीनं प्रत्येकाचा कप्पा आखून दिला होता. घरी नवरा पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायचा, "हे बघा, माझी मर्यादा दोन खण. तिसऱ्यात मोजा सापडला की जप्ती."

वडिलांच्या कारखान्यात एक कारागीर होता, मापाड्या. लाकडाला करवत लावायच्या आधी हा दहादा माप घेणार. टेप, गुण्या, पट्ट्या, सगळं बाकावर पसरून बसणार, आणि कापणारे आपले फळी काखेत धरून ताटकळत उभे. शेवटी वडिलांनी त्याच्यासाठी एक बिनपाठीचं स्टूल केलं, कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून तू इथं. माप घेऊन कपाट उभं राहत नाही रे." पोरंही घरी कुणी फार चिकित्सा केली की ओरडायची, "स्टूल! स्टूल!" ती गोष्ट त्या घरात इतकी मुरली होती.

त्याच वडिलांची आता ही गोष्ट. करवतीच्या यंत्रानं त्यांची दहाही बोटं शाबूत ठेवली, पण मोबदल्यात कान घेतले. म्हातारपणी साफ ऐकू येईनासं झालं. माणूस गप्पिष्ट, आणि गप्पिष्ट माणसाचे कान जाणं म्हणजे बोलणाऱ्याला उत्तर मिळणं बंद होणं. चारचौघांत बसायचं त्यांनी सोडलं होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातल्या बाईंनी एक सोय केली. दर शनिवारी दुपारी तिथं निवृत्त कारागिरांची बैठक भरे. टेबलाच्या मधोमध माइक ठेवला, भिंतीवर पडदा लावला. कुणी बोललं की त्याची अक्षरं पडद्यावर उमटत. बोलणं माइकमधून जायचं ते थेट ताईच्या क्लस्टरवर. तिथल्या एका कंटेनरमध्ये त्याची अक्षरं होऊन परत यायची, इतक्या झटपट की बोलणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत. म्हातारा पुन्हा माणसांत आला. शनिवारी सकाळपासूनच धुतलेला सदरा घालून तयार.

तो कंटेनर म्हणजे आपल्या वडिलांचे कान आहेत, हे ताईनं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच कुणी म्हणायला नको, घरच्याला झुकतं माप देते.

आणि राक्षस आला त्याच शनिवारी पडदा अडखळला. राक्षसानं टाकी उपसली होती ना! सोमवारी ताईनं त्याला कुंपण घातलं, पण जिवाला खात्री कुठली? तिनं एक पहारेकरी बसवला. म्हणजे काय, तर मोजमाप घेणारा एक प्रोग्राम. कोण किती मेमरी खातंय, कोण किती वेळ प्रोसेसर अडवून बसलंय, हे बघत राहायचं आणि तिला कळवायचं. सगळ्यांच्या भिंतींवरून दिसावं म्हणून त्याला कुंपणाबाहेर, थेट यंत्राच्या अंगणात बसवला, आणि त्याचं काम अडू नये म्हणून सगळ्यांच्या आधी पाणी भरायचा मान दिला. आपलाच माणूस, त्याला कसलं कुंपण!

पुढच्या शनिवारी परिस्थिती आणखी वाईट. बैठकीतल्या गवंडीकाकांनी विनोद सांगितला, सगळे हसले. अक्षरं आली सावकाश, तोवर बैठक पुढं जाऊन कुणाच्या तरी हर्नियाच्या ऑपरेशनवर पोचली होती. सगळे गंभीर चेहरे करून बसलेत, आणि तेवढ्यात म्हातारा खो खो हसला.

गवंडीकाका म्हणाले, "काय रे, तुझं हसू टपालानं येतं का?"

पुन्हा सगळे हसले. म्हाताऱ्यालाही वाटलं काहीतरी गंमत झाली, तोही हसला. मग पडद्यावर ते वाक्य उमटलं. त्यानं ते वाचलं, आणि टोपी उचलून घरी आला.

"पुढच्या शनिवारपासून मी घरीच," त्यानं लेकीला सांगितलं. "मला ऐकू येत नाही हे परवडलं. उशिरा ऐकू येणं नको."

वाचनालयाच्या बाईंचाही फोन आला. "ताई, आणखी एक शनिवार बघते. असंच झालं तर पडदा उतरवून गोदामात. अर्धी बैठक विनोद परत सांगण्यात जाते, लोक वैतागलेत."

झालं. ताईनं पदर खोचला. चोर तिला माहीतच होता. तिनं राक्षसाचं कुंपण आवळलं. मंगळवारी बाईंनी माइकसमोर बोलून बघितलं, अक्षरं रखडतच होती. तिनं आणखी आवळलं, आणि पहारेकऱ्याला म्हणाली, नुसतं अधूनमधून बघू नकोस, डोळ्याचं पातंही लववू नकोस. बुधवारी अक्षरं आणखी रखडली. तिनं राक्षसाला आणखी आवळलं, आणि पहारेकऱ्याला सांगितलं, जे दिसेल ते सगळं टिपून ठेव, बारीकसारीकही सोडू नकोस. चोर हुशार आहे, तिला वाटलं. आपण बघतोय तेवढ्यात हात मागं घेतो.

शुक्रवारी दुपारी राक्षसवाला लॅपटॉप उघडा धरूनच दारातून आत आला.

"बघा! बघा काय केलंत!"

पडद्यावर राक्षस होता. डोक्यावर एक केस नाही. अंगावर नाही. एवढा धिप्पाड गडी, उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत.

"तुम्ही दिलेल्या तुकड्यात केसांचं गणित बसेना, म्हणून सगळे काढले. आता वारा आला तर हलवू काय? कान?"

ताईला हसू फुटत होतं, पण तिनं दाबलं. "दुसऱ्यांचं ओरबाडून खाल्लं की असंच होतं."

"मी खातो? अहो, उपाशी आहे तो! बघा ना त्याच्याकडं! भुवया तरी शिल्लक राहिल्यात का? आणि मी एवढं सोडूनसुद्धा तुमचं ते जे काय रखडतंय, ते सुटलं का?"

"नाही."

"मग चोर दुसरा कुणीतरी आहे."

"दुसरा कुणी नाही. मी सगळ्यांना मोजलंय. हवामानवाले आपल्या हद्दीत, बसवाले हद्दीत, बियाणंवाले तर अर्धंसुद्धा वापरत नाहीत, नुसता रुमाल टाकून जागा धरून ठेवलीय."

"आणि मोजणाऱ्याला कुणी मोजलं?"

मोजणाऱ्याला कुणीच मोजलं नव्हतं. तराजू स्वतःला कुठं तोलतो? एक क्षण तिच्या डोळ्यांपुढं बाकभर पसरलेल्या टेप, गुण्या आणि पट्ट्या येऊन गेल्या.

"बंद करून बघा," राक्षसवाला म्हणाला.

"तो बंद केला तर मला दिसणार कसं, सुटलं की नाही?"

हा पेच मोठा मजेशीर होता. रखडपट्टी थांबली का हे बघायचं तर पहारेकरी हवा, आणि पहारेकरी असेपर्यंत रखडपट्टी थांबायची नाही. मग ताईनं पहारेकरी बंद केला, मोबाइलवर वाचनालयाचाच तो अक्षरांचा पडदा उघडला आणि फोन राक्षसवाल्याच्या तोंडापुढं धरला.

"बोला."

"काय बोलू?"

'काय बोलू' अशी अक्षरं त्याचे ओठ मिटायच्या आत उमटली. ताईचा जीव भांड्यात पडला, पण एवढ्यावर तिची खात्री कशी पटणार?

"आणखी बोला. भरभर बोला."

"मी काय भरभर बोलणार? माझा राक्षस टकला झाला, माझा साहेब मला रोज विचारतो की हा राक्षस आहे की अंडं, आणि इथं एक बाई स्वतःच्या पहारेकऱ्याला मोकाट सोडून माझ्या पोराची हजामत करतायत!"

अक्षर न् अक्षर, त्याच्या दमाला दम लावून पडद्यावर उमटत गेलं. 'हजामत' हा शब्द तर जणू त्याच्याही आधी आला. ताई इतकी हसली की कानटोपी डोळ्यांवर उतरली.

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," राक्षसवाला म्हणाला.

"म्हणा. आज तुमचा दिवस आहे." तिनं टोपी नीट केली. "आणि चुकले मी. पोराचे केस परत देते, वर चार जास्त."

शनिवारी म्हातारा येईना. ताईनं लिहून विनवलं, बाबा, एकदाच. शेवटी म्हणाला, "येतो. पण हसणार नाही. टपालानंही नाही आणि हातोहातही नाही."

वाचनालयात बाईंनी शिडी आणून पडद्याखाली उभी करून ठेवली होती. बैठक सुरू झाली. गवंडीकाकांनी घसा खाकरला आणि आपला ठेवणीतला विनोद काढला. घरमालक म्हणतो, भिंत वाकडी आहे. गवंडी म्हणतो, भिंत सरळच आहे मालक, तुम्ही वाकडे उभे आहात. शेवटचा शब्द आणि शेवटचं अक्षर बरोबरच पडलं. सगळे हसले. म्हाताऱ्यानं पडद्याकडं बघितलं, गवंडीकाकांकडं बघितलं, आणि हसला नाही.

बाईंनी शिडीला हात घातला.

"तू हा विनोद नेहमी सांगतोस," म्हातारा सावकाश म्हणाला. "आणि इतके दिवस मला वाटायचं, आपल्याला नीट कळत नाही म्हणून हसू येत नाही. भिडेखातर हसायचो. आज वेळेवर कळला. विनोदच भिकार आहे रे!"

जो हशा उसळला तो विचारूच नका. गवंडीकाका तर टेबलावर थापा मारत होते. आणि त्या गदारोळात, सगळ्यांच्या बरोबरीनं, ना पुढं ना मागं, म्हाताराही गदागदा हसत होता. बाईंनी शिडी मिटली आणि काखेत मारून आत नेऊन ठेवली.

पुढं राक्षसालाही केस आले, पहिल्यापेक्षा दाट. चित्रपटही झाला. फक्त ज्या मांजराला तो राक्षस भितो ना, त्या मांजराच्या अंगात आता स्वेटर आहे आणि डोक्याला कानटोपी. ताईनं ते चित्र छापून घेऊन ऑफिसच्या फ्रिजवर लावलंय, आपल्या कप्प्याच्या हद्दीत.

पण ते पुढचं. त्या शनिवारी बापलेक घरी निघाले, तेव्हा तिनं सगळा प्रकार त्याला सांगितला. फोनवर बोलायची आणि तो फोन त्याच्यापुढं धरायची, तो चालता चालता वाचायचा, आणि मध्येच रस्त्यात थांबून हसायचा. सगळं वाचून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग त्या पहारेकऱ्याचं काय केलंस? हाकलून दिलास?"

ताई फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "हाकलला नाही, बाबा. तुमच्या मापाड्याच्या स्टुलावर बसवलाय, कोपऱ्यात, भोवती कुंपण घालून. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय राक्षसाला."